परत येणार ना?

मोठ्या देशाचा दूतावास लांबून पाहावा. जवळ जावं तसा तो लहान होत जातो. आधी ऐसपैस इमारत दिसते, मग नुसती भिंत, मग भिंतीतलं फाटक, फाटकातलं दार, दाराबाहेरची रांग आणि रांगेच्या शेवटी काचेची एक खिडकी. त्या खिडकीला खाली एक फट असते. तिच्यातून पासपोर्ट आत जातो, माणूस जात नाही. ती फट गाठण्यासाठी आमच्या घराने जो खटाटोप केला, त्यात एका मुलीचं लग्न सहज उरकलं असतं आणि रुसवेफुगवेही कमी झाले असते.

झालं असं, की दादा-वहिनींनी लेकीचं पहिलं बाळंतपण करायला परदेशी जायचं ठरलं. देश कोणता ते सांगत नाही. घरातल्या आणखी काही पोरांचे अर्ज त्याच दारात जायचे आहेत, आणि दूतावासातले लोक मराठी मासिकं वाचत नसतील याची हमी कोणी द्यावी?

आम्ही भरवेलीचे. भरवेली म्हणजे मध्य प्रदेशात, बालाघाटला लागून. जमिनीवर पाहाल तर गाव लहान, जमिनीखाली पाहाल तर मोठं. इथली मॉयल या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत मोजतात. दादांची सगळी नोकरी त्या खाणीच्या हजेरीवर गेली. पाळीला कोण खाली उतरला ते लिहायचं, आणि पाळी सुटली की तो वर आला का ते पाहून खूण करायची. रजिस्टर जुळल्याशिवाय दादा डबा उघडायचे नाहीत. गेलेला माणूस परत येतो की नाही, या एका विषयात अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याइतका जाणकार नव्हता. आणि दूतावासाने परीक्षेला नेमका तोच विषय काढला.

कारण व्हिसा म्हणजे दुसरं काय? ‘मी परत येईन’ हे अनोळखी माणसाला पटवून देणं. अमेरिकेच्या कायद्यात तर यासाठी २१४(ब) हे कलमच आहे. येणारा पाहुणा कायमचा मुक्काम ठोकायलाच निघालाय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे पाहुण्याने सिद्ध करायचं. पाहुण्याबद्दल असा संशय आपल्यालाही येतो, पण आपण निदान चहा झाल्यावर तरी तो मनात आणतो.

अर्ज भरायला आम्ही बालाघाटच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथल्या पोराने नाव, गाव, वडिलांचं नाव इथवर ठीक चालवलं. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने विचारलं, “काकू, कोणत्या दहशतवादी संघटनेत हाय का?”

“महिला मंडळात होती,” वहिनी म्हणाल्या, “पण ते बंद पडलं.”

“हेरगिरी करायले चालल्या का?”

वहिनींनी थोडा विचार केला. “पोरीच्या सासूवर जरासं लक्ष ठेवा लागंल.”

पोराने दोन्हीकडे ‘नाही’ दाबलं म्हणून आज वहिनी मोकळ्या आहेत. अमेरिकेच्या अर्जात असले प्रश्न असतात हे जगजाहीर आहे, आणि आम्हाला जायचं होतं तो देशही त्याच शाळेत शिकलेला. अमेरिका तर त्याच अर्जात ‘तुमचं कूळ किंवा टोळी कोणती’ असंही विचारते, ही माहिती त्या पोरानेच पुरवली. पोरगा पोवार समाजातला. पोवारांत ३६ कुळं. त्याच्या काकांचा अर्ज भरताना काका एवढ्या प्रश्नावर खुलले, कारण आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदाने त्यांना आवडीचं काहीतरी विचारलं होतं. बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले अशी सुरुवात करून कोणाची सोयरीक कोणाशी होते इथपर्यंत ते आले. अर्जातला रकाना बिचारा दोन कुळांतच भरला.

मग फोटो. अमेरिकेने २०१६ पासून व्हिसाच्या फोटोतून चष्मा हद्दपार केला आहे, आणि आम्हाला जायचं होतं त्या देशालाही चष्म्याचं तेवढंच वावडं. दादांचा चष्मा फक्त झोपताना उतरतो. तो उतरवून फोटो काढला, तर कागदावर कोणी एक भेदरलेला, परका गृहस्थ उमटला.

“हा कोण माणूस?” वहिनींनी विचारलं.

“त्या मघाच्या प्रश्नातला,” पोरगा म्हणाला.

कागदपत्रांचं प्रकरण याहून मोठं. नागपूरच्या मामांनी फोनवर बजावलं, “सातबारा विसरू नका. जमीन दिसली का माणूस परत येते असं त्यायले वाटते.” आता मामांना कोणी सांगावं? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमचीच राजधानी होती. दुसऱ्या दिवशी आमची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूर दुसऱ्या राज्यात निघून गेलं. तेव्हापासून मामांकडे सातबारा आणि आमच्याकडे खसरा, बी-वन आणि ऋणपुस्तिका. मामाच्या गावाला जायला व्हिसा लागत नाही, हे त्या वाटणीतलं नशीबच म्हणायचं.

दादांनी खसऱ्यापासून सुरुवात केली. त्यावर पेन्शनचे कागद, मुदत ठेवीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, घरपट्टी, गॅसचं पुस्तक, जावयाचं नेमणूकपत्र, लग्नाचा अल्बम आणि वहिनींना रांगोळी स्पर्धेत मिळालेलं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. “हे कायले?” मी विचारलं. “असू दे. चारित्र्य दिसते,” दादा म्हणाले. फाइल शेवटी नाडीने बांधावी लागली, आणि नाडी पुरेना म्हणून वर सुतळी आली.

गावात बातमी पसरली तसा पानठेल्यावर दूतावास हाच विषय झाला. तिथे बसणाऱ्यांपैकी कोणीही दूतावास पाहिलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती. कोणी म्हणे पांढरा शर्ट घालावा, कोणी म्हणे हसू नये, कोणी म्हणे हसलंच पाहिजे. एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की दूतावासाच्या दारात पाऊल टाकलं की कायद्याने तो परदेशच. दादा एकदम ताठ बसले. व्हिसा नाही मिळाला तरी परदेश पाहून येऊ, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

तिथे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी तो हिशेब मोडला. “जमीन आपलीच राहते. १९६१ चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं बाविसावं कलम. फक्त त्यांनी हो म्हटल्याशिवाय आपले पोलीससुद्धा आत जाऊ शकत नाहीत.”

वहिनी भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. “म्हणजे जागा आपली, आन् रस्त्यावर उभं आपल्यालेच करते?”

मास्तरांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, पण एवढा नेमका सारांश त्यांनाही जमला नव्हता.

जागेवरून आठवलं. मुंबईत अमेरिकेची वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला होती, वांकानेरच्या महाराजांच्या वाड्यात. अमेरिकेने १९५७ साली तो वाडा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि लिंकन हाऊस असं त्याचं बारसं केलं. ९९९ वर्षं म्हणजे २९५६ पर्यंत. आपल्या पोरांना सहा महिन्यांच्या शिक्क्यासाठी त्याच वाड्याच्या फुटपाथवर उन्हात उभं राहावं लागे, पण २९५६ पर्यंत राहायला आलेल्याला ‘परत जाणार ना?’ असं विचारायचं कोणाला सुचलं नाही. २०११ मध्ये ही मंडळी वांद्रे-कुर्ला संकुलात नव्या इमारतीत गेली आणि २०१५ मध्ये पुण्याच्या सायरस पूनावालांशी वाड्याचा ७५० कोटींचा सौदा ठरला, तोही पुढे सरकारी कागदांत अडकला. कागद अमेरिकेलाही सोडत नाहीत हे वाचून दादांना फार बरं वाटलं.

आम्हाला तारीख दिल्लीची मिळाली. इंग्रजी येतं म्हणून मला सोबत घेतलं. गोंदियाहून गोंडवाना एक्सप्रेस धरली. वाटभर मी दादांकडून उत्तरं घोटून घेतली आणि फाइलला स्वतंत्र बर्थ नसल्यामुळे दादांनी रात्र बसून काढली.

दूतावासाच्या बाहेर दोरी बांधलेली होती. दोरीपाशी पहाऱ्याच्या माणसाने विचारलं, “अर्जदार कोण?” दादा-वहिनींनी हात वर केले. “मग आपण?” मी म्हणालो, “मी इंग्रजी.” त्याने मला अदबीने बाजूला काढलं. भरवेलीहून आणलेलं सगळं इंग्रजी असं दोरीच्या अलीकडेच राहिलं.

आत काय काय चालत नाही याची पाटी होती. मोबाइल नाही, पिशवी नाही, खाण्याचे पदार्थ नाहीत. वहिनींचा चिवडा माझ्याकडे आला. दादांच्या खिशातून तंबाखू निघाली आणि चुन्याची डबी निघाली. पांढरी, ओलसर, वास नसलेली वस्तू पाहून एक गोरा अधिकारी दोन पावलं मागे सरला. डबीला हात न लावता सगळे तिच्याभोवती गोल उभे राहिले. शेवटी आपल्याकडचा एक पहारेकरी पुढे आला, त्याने डबी हुंगली, तंबाखू पाहिली, साहेबाला दोन वाक्यांत समजावलं आणि पुरावा म्हणून चिमूटभर मळून तोंडात टाकली. दोन देशांतला तणाव तिथेच निवळला. पुरावा मात्र परत मिळाला नाही.

दादा-वहिनींचे फोन मी घेतले. ते पाहून मागच्या बाईंनी विचारलं, “भैया, मेरा भी रख लोगे?” माझा चेहरा विश्वासू आहे हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मग एका सरदारजींनी दिला, एका नवविवाहित जोडप्याने दोन दिले, एका विद्यार्थ्याने चार्जरसकट दिला. रांग आत गेली आणि मी जगभरचे फोन खिशात भरून चाणक्यपुरीत मोकळा झालो.

फिरण्यासारखी जागा आहे. ज्या चाणक्याच्या अर्थशास्त्रात हेर कसे पेरावेत याचं सविस्तर वर्णन आहे, त्याचंच नाव परदेशी वकिलातींच्या वस्तीला देणारा माणूस खरा विनोदी लेखक. रस्त्यांची नावं शांतिपथ, सत्य मार्ग, न्याय मार्ग, नीती मार्ग, विनय मार्ग. मी एका रिक्षावाल्याला सत्य मार्गावरून न्याय मार्गाला जायचं विचारलं, तर तो मीटरने यायला तयार होईना. पायीच निघालो.

शांतिपथावर अमेरिकेचा दूतावास आहे. एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुकाराने बांधला, ३ जानेवारी १९५९ ला उघडला. पांढरी जाळी, बारीक सोनेरी खांब, आत पाण्याचं तळं. स्टोनने आपल्या जुन्या महालांकडे आणि मंदिरांकडे पाहून तो बांधला म्हणतात, आणि बाहेरून दिसतोही तसाच, फक्त प्रसाद मिळेल की नाही ते आधी ठरवून यावं लागतं. पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाला निळे घुमट आहेत. बेल्जियमचा दूतावास सतीश गुजराल यांनी विटांचा बांधला. गुजराल चित्रकार, वास्तुकलेची पदवी नाही, तरी ती इमारत जगभर नावाजली गेली. कागदाशिवाय दूतावासात कोणाचं काम झाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

आणि ही तर साधी घरं म्हणायची. बगदादमध्ये अमेरिकेने २००९ मध्ये उघडलेला दूतावास १०४ एकरांत आहे. एवढी जमीन म्हणजे आमच्याकडचा जुना मालगुजारच. लंडनला टेम्सच्या काठी २०१८ मध्ये त्यांची नवी काचेची इमारत झाली, तिच्या एका अंगाला चक्क पाणी सोडलंय. वास्तुकार त्याला तळं म्हणतात, लंडनकर खंदक म्हणतात. दोन देशांची मैत्री जसजशी वाढते तसतशी भिंत वर जाते, आणि अगदीच जिव्हाळा झाला की खंदक येतो.

हे सगळं मी डोळे भरून पाहत होतो, आणि प्रत्येक फाटकापाशी थांबलो की खिशातला एखादा फोन वाजत होता. एकातून हनुमान चालिसा, एकातून भांगडा, एकातून नवरीच्या आईचा प्रश्न. फोन वाजला की मी दचकून खिसे चाचपायचो, चुकीचा काढायचो, पुन्हा ठेवायचो. अनेक फोन अंगावर वागवत, दूतावासांच्या भिंती निरखत हिंडणारा माणूस सरकारी डोळ्यांना कसा दिसतो, हे एका शिपायाने मला समजावून सांगितलं.

“कहाँ से आए हो?”

“भरवेली.”

“वो कौन-से देश में पड़ता है?”

मी बालाघाट सांगितलं, गोंदिया सांगितलं, मँगनीज सांगितलं. एवढ्यात विद्यार्थ्याचा फोन वाजला. पडद्यावर ‘मम्मी’ असं आलं. शिपायानेच तो उचलला, “बेटा अभी अंदर है जी” असं सांगितलं आणि मला दोरीपर्यंत सोडून गेला.

दादा-वहिनी बाहेर आले तेव्हा दोघांच्या तोंडून दोन वेगळे वृत्तांत निघाले. दादांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि तिथेच काम झालं. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे ते इंग्रजी म्हणजे ‘गुड मॉर्निंग’, आणि तेही दुपारी. पुढचं वहिनींचंच खरं मानायला हवं.

खिडकीत एक तरुण गोरी बाई होती. तिने अस्खलित हिंदीत विचारलं, “आपकी यात्रा का प्रयोजन?” बालाघाटात प्रयोजन कोणी विचारत नाही, तिथे ‘काहून चालले’ म्हणतात. दादा गप्प. मग ती म्हणाली, “आप लौटेंगे, इसका क्या प्रमाण है?” एवढं दादांना कळलं. तीस वर्षांच्या हजेरीचा माणूस तो. त्यांनी सुतळी सोडली आणि फाइल फटीत घातली. फाइल जाईना. आडवी धरली, उभी धरली, अल्बम काढून पाहिला. अर्धा खसरा आत आणि अर्धा बाहेर अडकला. बाई म्हणाली, “इसकी आवश्यकता नहीं है.”

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. “मॅडम, दिवाळी झाली का आमच्याकडे मंडई भरते.” बाईला वाटलं, भाजीबाजार. मग वहिनींनी तिला मंडई सांगितली. गावोगाव जत्रा कशी भरते, रात्रभर दंडार कशी चालते, तुमसरची नणंद पोरंटोरं घेऊन कशी उतरते, गोंदियाचे पाहुणे जेवायला कसे न सांगता येतात. “एवढ्या लोकायले कोण वाढंल? मी आली नाही तर चुलीपाशी कोण बसंल? हे बसतीन का?”

गोऱ्या बाईने दादांकडे पाहिलं. दादा फटीतून खसरा ओढून काढत होते. तिने दोन्ही पासपोर्ट ठेवून घेतले आणि “नाती-नातिन के लिए बधाई” म्हणाली. कायद्याच्या दृष्टीने पुरेसा पुरावा तिच्यासमोर उभा होता.

व्हिसा मिळाला, पण दादा खट्टू झाले. नाकारला असता तर चाललं असतं, फाइल कोणी पाहिली नाही हे त्यांना लागलं. परतीच्या गाडीत त्यांनी ती समोरच्या बाकावरच्या व्यापाऱ्याला दाखवली, पहिल्या पानापासून रांगोळीपर्यंत. नागपूर येईस्तोवर तो बिचारा झोपेचं सोंगही करून थकला होता.

गावी आल्यावर मी सहज म्हणालो, की भरवेलीचं मँगनीज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कंपनीने जहाजं भरभरून विलायतेला नेलं. कंपनी १८९६ ची, आणि खाणी १९६२ मध्ये मॉयलकडे येईपर्यंत माल जातच होता. त्या दगडाला कोणत्या खिडकीत विचारलं नाही, की बाबा रे, परत येणार ना? दादांनी यावर गंभीरपणे मान हलवली. “रजिस्टर नसंल ठेवलं,” ते म्हणाले.

बाळंतपण करून, मंडईच्या आधी बरोबर परत येऊन, दादा आता पानठेल्यावर बसतात. बाहेरच्या बाकावर नव्हे, आतल्या स्टुलावर, काचेच्या मागे. परदेशी जायचं घाटत असलेली गावातली पोरं त्या काचेपुढे उभी राहतात आणि दादा चष्म्यावरून पाहत विचारतात, “परत येणार ना?” पोरगा ‘हाव काका’ म्हणतो. दादा त्याचा चेहरा वाचतात आणि बऱ्याचदा ‘याचं काही खरं नाही’ म्हणून पुढच्याला बोलावतात. परवा एक जण रडकुंडीला आला. “काका, मी तं खर्रा घ्याले आलो.” दादा म्हणाले, “आधी रांगेत ये.” दूतावासाला दोष देण्यात अर्थ नाही. काच आणि तिच्यामागे एक स्टूल मिळालं, की आपल्यातल्या कोणाचाही राजदूत व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. फाइल न्यावी, पण फटीतून जाईल एवढीच. चुना घरी ठेवावा. दोरीबाहेर थांबणाऱ्याने फक्त आपल्या माणसांचे फोन घ्यावेत. आणि आतून ‘परत येणार कशावरून’ असं विचारलं, तर कागद न दाखवता आपल्यावाचून घरी काय अडतं ते सांगावं. काहीच अडत नसेल, तर तारीख घेण्यापूर्वी नीट विचार करावा, कारण व्हिसाची फी परत मिळत नाही.